नवमीची दुनळी

अष्टमीच्या सकाळी एक माणूस उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून आमच्या दुकानाची पायरी चढला. सोगा लाल झाला होता. डाव्या हातात त्याची भरमार होती. दारू ठासून भरायची ती जुनी बंदूक नळीच्या मधोमध फाटून उलगडली होती. ज्वारीत डुकरं शिरली म्हणून त्यानं दारू जरा जास्त ठासली होती.

अण्णाजींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, बंदूक हातात घेतली आणि लाकडी दस्त्याजवळचा नंबर वाचला. मग मला म्हणाले, "प्रमू, पाणी आण. आणि धुतलेलं फडकं."

"आधी नंबर, मंग माणूस," मागच्या खोलीतून प्रेमदास मिस्तरी म्हणाला. "अण्णाजी, यम आला तरी तुमी त्याच्या रेड्याचा नंबर पाहान."

"पाहीन. रेडा नोंदलेला नसला तर परत पाठवीन."

तो माणूसही हसला, आणि हसताना कळवळला. फडकं सोडलं तेव्हा त्याची दोन बोटं जागेवर नव्हती. मी पाणी ओतत होते आणि अण्णाजी त्याला समजावत होते, "फुटल्याची खबर आजच ठाण्यात गेली पाहिजे. नाही तर उद्या म्हणतील, नळी विकली कुठं? हात तर गेलाच आहे रे बाबा, वर जेल नको." मग त्यांनी त्याला स्वतः टांग्यात बसवून दवाखान्यात पाठवलं. नंबर आधी पाहण्यात त्यांची माया होती. ती लोकांना उशिरा कळत असे.

श्रीनिवास हरकरे हे त्यांचं नाव, पण हिंगणघाटात सगळे त्यांना अण्णाजीच म्हणत. मी त्यांची एकुलती मुलगी. मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुटीत दुकानात बसत होते. बंदुका विकण्यापेक्षा सांभाळण्याचंच काम आमच्याकडे जास्त होतं. परवानाधारक मेला की त्याची बंदूक घरात ठेवता येत नाही. वारसाच्या नावानं परवाना होईपर्यंत ती ठाण्यात तरी जमा करायची, नाही तर आमच्यासारख्या दुकानात. त्यामुळे मागच्या खोलीत मेलेल्या माणसांच्या बंदुका ओळीनं उभ्या असत आणि प्रत्येकीच्या चापाला नावाची चिठ्ठी बांधलेली असे. बेचाळीस साली पोलीस रोज येऊन त्या मोजत होते. एकही कमी निघाली नाही. "माझ्या हातून परवान्याशिवाय बंदूक कोणाच्या हातात गेली नाही," एवढी एकच बढाई अण्णाजी मारत.

खंडेनवमीला मात्र ते या बंदुका सतरंजीवर मांडू देत. घरचे लोक येत, आजोबांच्या, नवऱ्याच्या बंदुकीला कुंकू लावत, झेंडू वाहत. उंबरठ्याच्या आत काय हवी ती पूजा करा, असा नियम होता.

छप्पन्न सालची ती अष्टमी. दुपारी प्रेमदासनं कामाची हत्यारं पुसून ठेवली आणि पांढरा सदरा घालून पुढे आला.

"येतो, अण्णाजी. धुरपता टेशनवर उभी हाये. नागपूरले गाडीत पाय ठेवाले जागा नाई म्हनते. परवा दीक्षा."

"जा. सांभाळून जा."

"परत येईन तं दुसराच माणूस असन मी. वळखजा बरं."

"हत्यारं तीच धरशील ना? मग ओळखीन."

तो गेला आणि थोड्या वेळानं धामणखेड्याचे प्रभाकरराव आले. समुद्रपूरच्या वाटेवरचं हे गाव पूर्वी त्यांच्या वडिलांच्या, बाबारावांच्या मालगुजारीत होतं. मालगुजारी गेली, पाठोपाठ बाबाराव गेले आणि त्यांची बारा बोरची दुनळी बंदूक आमच्या खोलीत आली. नंबर ४१७६३. तिच्या परवान्यासाठी प्रभाकररावांनी अर्ज केला होता, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, मधूनंही. उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा प्रभाकररावांनी बैलगाडीच्या जुवातल्या लाकडी शिवळेनं मधूच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. फाइल वर्ध्याला डिप्टी कमिश्नरसाहेबांच्या ऑफिसात पडून होती.

"बंदूक पायजे, उद्याच्यापुरती," प्रभाकरराव म्हणाले. "माय खाटेवरून उठत नाई. म्हनते, त्यायची बंदूक घरात पुजल्याबिगर तोंडात घास घेत नाई."

"इथं पूजा करा. आईंना दमणीत घालून आणा."

"मालगुजाराची बायको बाजारात येऊन पूजा करन?"

"प्रभाकरराव, कायदा…"

त्यांनी मूठ काचेच्या कपाटावर आदळली. काच तडकली, मुठीतून रक्त आलं. ते त्यांनी शांतपणे आमच्या गादीच्या खोळीला पुसलं. "कायदा मले नका शिकवू. आमच्याच बापाची बंदूक अन् आमीच हात जोडाचे?"

अण्णाजींनी तडकलेल्या काचेवरून बोट फिरवलं. माझी आई गेली तेव्हा वच्छलाबाई, या प्रभाकररावांची आई, बैलांची दमणी जुंपून आल्या होत्या आणि आमची चूल त्यांनी तेरा दिवस पेटती ठेवली होती. ते आठवत असणार, कारण शेवटी ते म्हणाले, "बंदूक एकटी यायची नाही. मी घेऊन येईन. माझ्या हातून जाईल, माझ्याच हातून परत येईल."

संध्याकाळी त्यांनी दुनळीच्या नळ्यांतून तेलाची चिंधी फिरवली. मी वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचत होते. "त्यात कोणी मरतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेवटी. "मग शेवट सोडून वाच," ते म्हणाले, आणि आम्ही भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली.

नवमीला दमणी आली. वच्छलाबाईंपाशी बसायला म्हणून मीही निघाले. रजिस्टरात अण्णाजींनी काही लिहिलं नाही. बंदूक त्यांच्याच हातात होती, म्हणजे ती कुठं गेलेलीच नव्हती.

धामणखेड्याला पोचलो तेव्हा अंगणात बोकड कापून झाला होता. मुंडकं तुळशीपासून जरा दूर ठेवलं होतं, डोळे उघडे होते. कुऱ्हाड धुतली नव्हती, तशीच पूजेत नेऊन ठेवली होती. अण्णाजींनी रक्त चुकवत धोतर उचललं आणि ओसरीवर आले. वच्छलाबाईंची खाट दाराशी आणली होती. पाटावर तलवार, विळे, ती कुऱ्हाड आणि मधोमध दुनळीसाठी सोडलेली जागा.

अण्णाजींनी दुनळी उघडली आणि नळ्या उजेडाकडे धरून दोघा भावांना दाखवल्या. "पाहून घ्या. रिकामी आहे." मग ती मिटवून पाटावर ठेवली.

"मधू, देवातली डबी आण," वच्छलाबाई म्हणाल्या.

डबीत दोन काडतुसं होती. वर्षानुवर्षं कुंकू लावून लावून त्यांच्यावर लाल पुट चढलं होतं, पितळ काळं पडलं होतं. अण्णाजींचा चेहरा बदलला.

"वच्छलाबाई, बाबारावांनी घेतलेलं प्रत्येक काडतूस माझ्याकडे लिहिलेलं आहे. ही दोन कागदावर केव्हाच उडाली आहेत."

"कागदावर उडाली असतीन. माह्या देवात तं हायेत ना? दरसाली पुजतो आमी."

"पूजा झाली की माझ्याकडे द्या."

मी हे पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्याच क्षणी त्यांनी ती उचलून खिशात टाकली असती तर. पण हळदकुंकू लागलेली, पाटावर मांडलेली वस्तू पूजा संपायच्या आत उचलायची नसते. ते हात बांधून थांबले. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले असते, आणि आमच्या भागातला कोणीही.

"मधू, पहिलं कुंकू तू लाव," वच्छलाबाई म्हणाल्या.

"थोरला मी हाओ, माय," प्रभाकरराव म्हणाले.

"थोरला हायेस म्हनून का भावाचं हाड मोडाचं? बंदूक मधूचीच होईन. वर्ध्याचा साहेब चौकशीले आला का मी तसंच सांगीन."

मधू वाकला. त्याचं बोट कुंकवात बुडालेलं असतानाच प्रभाकररावांनी पाटावरची दुनळी उचलली आणि दस्ता त्याच्या तोंडावर मारला. हाडाचा आवाज झाला. मधू रांगोळीवर कोसळला, त्याच्या ओठांतून रक्त आणि एक दात पडला. दुसरा फटका पाठीत बसला. तो गुडघ्यांवर सरपटत गोठ्याकडे निघाला. "मारू नको रे, माह्या सोन्या, मारू नको," वच्छलाबाई ओरडत होत्या. प्रभाकररावांनी पाट लाथेनं उडवला, काडतुसं उचलली, धोतराला खसाखसा पुसली, दुनळी कमरेतून मोडून उघडली आणि दोन्ही आत सारली.

अण्णाजी पुढे झाले. त्यांचा आवाज दुकानातल्यासारखाच होता.

"प्रभाकरराव, बंदूक माझ्या ताब्यात आहे. इकडे आणा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, गिऱ्हाइकाकडून बंदूक घेताना करत तसे. मधू तोवर गोठ्याच्या दाराआड गेला होता. नळ्या मधूकडून वळून अण्णाजींकडे आल्या. झटापट झाली नाही. बंदुकीला अण्णाजींचं बोटही लागलं नव्हतं. प्रभाकररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी तीन हातांवर उभी होते, मी ते पाहणं पाहिलं.

"मंग घे ताब्यात," ते म्हणाले, आणि चाप ओढला.

अण्णाजी मागे भिंतीवर आदळले आणि बसले. छातीवर सदरा पेटला होता, लहानशी निळी ज्योत होती. ती मी तळहातानं विझवली. त्याखाली भोक होतं आणि श्वासाबरोबर त्यातून फेस येत होता. मी पदराचा बोळा करून दाबला, तो लगेच भरला. तिकडे प्रभाकरराव गोठ्याच्या दाराकडे नळ्या धरून दुसरा चाप ओढत होते. टक् असा आवाज झाला, पुन्हा टक्. इतक्या वर्षांच्या पूजेच्या पाण्यानं ते काडतूस सादळलं होतं, म्हणून मधू आज जिवंत आहे. प्रभाकररावांनी दुनळी खांबावर आपटली. दस्त्याला चीर गेली.

मी वाचलेल्या पुस्तकांत माणसं मरताना काहीतरी बोलतात. अण्णाजी बोलले नाहीत. बंदूक कुठं पडली आहे ते त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताखालचा फेस थांबला.

वच्छलाबाई खाटेवरून पडल्या होत्या. वर्षभर न उठलेली ती बाई फरपटत आली आणि कुंकवानं भरलेल्या हातांनी तिनं माझे पाय धरले.

"बाई, तुहा बाप गेला. मी दिसते ना तुले? हा फासावर जाईन, तो असा अर्धा मेलेला. माह्यं घर नको बुडवू व माय. तुही चूल पेटवली होती मी."

ठाणेदार आले तेव्हा वच्छलाबाईंनीच आधी तोंड उघडलं. "पूजेत अण्णाजीच्या हातातच उडली, साहेब." मधूनं फुटलेल्या तोंडानं मान हलवली. पळताना पडलो, म्हणाला. गावचे पंच मान खाली घालून उभे होते. बोकडाचं मांस तोवर कोणीतरी आत नेलं होतं.

ठाणेदारांनी मला बंदुकीचा नंबर विचारला. मी पाठ सांगितला. बोर कोणता, कारखाना कोणता, कोणत्या नळीतून उडाली, जमा कधी झाली. सगळ्याची उत्तरं मला येत होती. मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "ही बंदूक परवाना नसलेल्या कोणाच्या हातात गेली होती का, बाई? गेली असेल तर गुन्हा तुमच्या वडिलांवरही येतो."

सतरंजीखालून अण्णाजींचे पाय दिसत होते. एका टाचेला रांगोळी लागली होती.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे त्यांच्याच हातात होती." त्यांनी लिहिलं. माणसाबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

अपघाती मृत्यू ठरला. दुनळी मुद्देमाल म्हणून ठाण्यात गेली. नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कागदांवरचे शिक्के बदलले, डिप्टी कमिश्नर गेले आणि कलेक्टर आले. दुकानाच्या परवान्यासाठी मी अर्ज केला. जमा बंदुका पुढच्या हुकमापर्यंत सांभाळा, विक्री करू नका, असं उत्तर आलं. कायमचा परवाना ठाणेदारांच्या रिपोर्टावर अवलंबून होता. मी सकाळी शाळेत जात होते आणि दुपारी दुकानात बसत होते. माझ्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग राहिला होता. खडू धरताना तो ओढला जात असे.

प्रेमदास दुसराच माणूस होऊन आला होता. तो पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. "आता मले वळखाले कोन हाये?" म्हणाला. नंतर त्यानं कामाला हात घातला तो सोडला नाही.

उन्हाळ्यात ठाण्यातून एक शिपाई पोत्यात गुंडाळलेली लांब वस्तू घेऊन आला. चौकशी संपली होती. मुद्देमाल जिथं जमा होता तिथं परत करावा, असा हुकूम होता, आणि कागदानुसार ४१७६३ हरकऱ्यांच्या दुकानात जमा होती. मी नंबर मिळवून पाहिला आणि सही केली. चिरलेला दस्ता, नळीवर वाळलेलं कुंकू. प्रेमदास म्हणाला, "नदीत फेकून देऊ का, बाई? वणेले पूर येऊ द्या." मी म्हटलं, तिला जागेवर ठेव. बाबारावांच्या नावाची चिठ्ठी मी पुन्हा चापाला बांधली. त्या रात्रीपासून मी मागच्या खोलीला कुलूप लावून झोपू लागले, जणू ती उठून येईल.

विहिरीकडचं शेत मिळाल्यावर मधूनं आपला अर्ज मागे घेतला. भाद्रपदात प्रभाकररावांचा परवाना झाल्याचं कळलं. त्यांच्या हातात मीच ती बंदूक ठेवायची होती.

त्यांनी त्यासाठी नवमी निवडली.

"मी आता कुंकू लावत नाई," प्रेमदास सकाळी म्हणाला, "पण सतरंजी टाकून देतो. अण्णाजीची रीत हाये." बंदुका मांडल्या. लोक येऊन गेले, दुकानात झेंडूचा वास भरला. ठाणेदार चहा पीत खुर्चीवर बसले होते. मुद्देमालातली बंदूक म्हणून त्यांच्यासमोर देवाणघेवाण व्हायची होती. माझ्या परवान्याचा रिपोर्टही त्यांच्याच टेबलावर होता, हे त्यांनी येताच हसून सांगितलं होतं. "आज एवढं आटपलं की तुमचंही लिहून टाकतो, बाई. अण्णाजींचं नाव साफ आहे, काही अडचण नाही."

दमणी थांबली. प्रभाकररावांनी आईला उचलून आत आणलं आणि गादीवर बसवलं, ज्या गादीच्या खोळीवर त्यांच्या रक्ताचा डाग होता. वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्रभाकररावांनी परवाना माझ्यापुढे ठेवला.

"पाहा, बाई. सगळं कायदेशीर. अण्णाजी असते तं खूश झाले असते."

"त्यायचं नाव काऊन घेऊन राह्यला?" दारातून प्रेमदास म्हणाला.

"तू गप, मिस्तरी. तुहा धर्म बदलला, जागा नाई बदलली." ते हसले. एकटेच हसले. वच्छलाबाई झेंडूचं फूल चुरगळत होत्या.

ठाणेदारांनी घड्याळ पाहिलं. "नंबर मिळवा, सही करा."

मी सतरंजीवरून दुनळी उचलली. अण्णाजींनी शिकवल्याप्रमाणे आधी उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. रिकाम्या होत्या. मिटवली. ती जड होती, उजव्या तळव्याला दस्त्याची चीर लागत होती. माझी एक सही झाली की दुकान माझं राहणार होतं, अण्णाजींचं नाव साफ राहणार होतं, आणि ही या माणसाच्या खांद्यावर बसून उंबरठ्याबाहेर जाणार होती, मधू ज्या घरात झोपतो त्या घरात.

प्रभाकररावांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या, बाई. आता माह्या ताब्यात."

मी बंदूक छातीशी धरली.

"व माय," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. त्यांना माझ्या आधी कळलं.

"ठाणेदारसाहेब," मी म्हणाले, "लिहून घ्या."

"नंबर सांगा."

"नंबर मग सांगते. आधी माणूस लिहा. अण्णाजींच्या हातात बंदूक उडाली नाही. त्यांनी ती पूजेसाठी या प्रभाकररावांच्या घरात, परवाना नसताना पाटावर ठेवली. हा त्यांचा गुन्हा, तोही लिहा, खोडू नका. यांनी ती उचलली, देवातली काडतुसं भरली, 'मंग घे ताब्यात' म्हणाले, आणि माझ्या वडिलांना गोळी घातली. मी तीन हातांवर उभी होते. यांनी माझ्या वडिलांना मारलं."